खऱ्याची दोरी

माणसानं नेहमी खरं बोलावं, असं सांगणारे लोक दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांना कुणी कधी काही विचारत नाही. आणि दुसरे, ज्यांचा धंदाच विचारण्याचा असतो, सांगायचं ते समोरच्यानं. मी या दोहोंत बसत नाही. मी बँकेत कारकून आहे. हल्ली आमच्या पदाला एक लांबलचक इंग्रजी नाव मिळालं आहे. ते पाटीवर मावत नाही आणि पगारात दिसत नाही. काम मात्र तेच : 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे' हे लोकांनी लिहून दिलेलं वाक्य दिवसभर वाचायचं आणि त्याखाली शिक्का मारायचा. वीस वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं आहे की, सत्यनारायणाच्या पूजेला बसलो तरी माझा हात शिक्का शोधतो.

गंमत पाहा. नोकरीत रुजू झालो त्या दिवशी माझी पहिली सही घेतली ती काही खरं बोलण्याच्या शपथेवर नाही. ती घेतली गुप्ततेच्या प्रतिज्ञेवर. ग्राहकांच्या व्यवहारातलं अवाक्षर बाहेर काढणार नाही, असं मी लिहून दिलेलं आहे. म्हणजे दुसऱ्यांनी खरं सांगावं म्हणून मला पगार मिळतो आणि मी ते सांगू नये म्हणूनही मलाच पगार मिळतो. बी.कॉम.ला आम्हांला जमा आणि खर्च या दोन्ही बाजू जुळवायला शिकवलं होतं, त्याचा इतका उपयोग होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

नोकरी महाडला आणि राहणं वीरला. वीर म्हटलं की परगावच्या माणसाला वाटतं, गावात घरोघर ढाली-तलवारी टांगलेल्या असतील. तसं काही नाही. घरोघर छत्र्या टांगलेल्या असतात. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ साली सुरू झाला आणि काही काळ तर रूळ आमच्या गावाशीच संपत होते. त्यामुळे 'वीरपर्यंत' या शब्दाला तेव्हा जो मान होता, तो पुढे गाडी थेट मंगळूरला जाऊ लागल्यावर राहिला नाही. तरी महाडला उतरायचं स्टेशन आमचंच. या स्टेशनावर सकाळी सात-आठ ओळखीची माणसं भेटतात आणि त्यांतली निम्मी तरी माझ्याजवळ सरकून हळूच विचारतात, "काय हो, अमक्याचं कर्ज थकलंय म्हणे?" मी म्हणतो, "यंदा पाऊस बरा झाला, नाही?" मे महिन्यातसुद्धा मी हेच उत्तर देतो. त्यावरून त्यांना कळायचं ते कळतं, अशी मला दाट शंका आहे.

असा मी, दोन्ही बाजूंनी बांधलेला माणूस. त्यात मध्यंतरी आमच्या आठवीतल्या कन्येनं मला टीव्हीसमोर बसवून २०१७ सालचा 'वंडर वुमन' हा इंग्रजी सिनेमा दाखवला. माझं चित्रकथांचं शिक्षण फारच जुन्या वळणाचं. थोरल्या चुलतभावाच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचा एक गठ्ठा होता. तो वेताळ, ती कवटीची गुहा आणि तो जादूगार मँड्रेक एवढ्यावर माझी इयत्ता संपते. त्या सगळ्या मंडळींचा भर गुद्द्यांवर. वेताळानं एखाद्याच्या हनुवटीवर ठोसा दिला की कवटीची खूण उमटायची ती कायमची. (आमच्या बँकेचे शिक्के मात्र दोन महिन्यांत पुसट होतात.)

ही बाई वेगळी निघाली. हिच्याकडे ढाल आहे, तलवार आहे, गोळ्या परतवणारी मनगटी कडी आहेत. पण खरं हत्यार म्हणजे कमरेला लटकवलेली एक सोनेरी दोरी. गुरं बांधायला वापरतात तशी फासाची दोरी, फक्त चकाकते. ती अंगाभोवती आवळली की माणूस खोटं बोलूच शकत नाही. सिनेमात एका वैमानिकाला त्या दोरीनं बांधलेलं दाखवलं आहे. बिचारा दातओठ खातो, मान वेळावतो, घाम गाळतो आणि शेवटी ओरडतो की मी हेर आहे! माझी मुलगी टाळ्या पिटत होती. मी मात्र सरळ होऊन बसलो. न मारता, न झोडता, बिनचूक माहिती! वाणिज्य शाखेच्या माणसाला त्या क्षणी दिसलं ते एकच : ऑडिट.

त्या रात्री मला झोप लागेना. ही दोरी आठवडाभर मिळाली तर काय काय करता येईल, याची मी मनातल्या मनात यादी केली. पहिला नंबर कंडक्टरचा. "मागनं दुसरी गाडी येतेय, रिकामी हाय" हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आलो आहे. ती रिकामी गाडी पाहिलेला माणूस मात्र मला अजून भेटायचा आहे. मग शिंपी, "परवा नक्की" म्हणणारा. मग महामार्गाच्या कडेला आंब्याच्या पेट्या मांडून बसणारे. आपल्याकडच्या यच्चयावत आंब्यांचा जन्म देवगडलाच कसा होतो, हे एकदा दोरी आवळून विचारायला हवं. मग सोयरिकीच्या बैठका. "मुलाला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही" हे वाक्य दोरीत म्हणून दाखवायचं ठरवलं, तर तालुक्यात त्या वर्षी मंगल कार्यालयं ओस पडतील.

यादी करता करता मी घराशी आलो आणि तिथं मात्र घोडं अडलं. समजा, ही दोरी सौभाग्यवतींच्या हाती लागली. लागणारच; कारण आमच्या घरातली कुठलीही दोरी शेवटी वाळवणासाठी गच्चीत जाते. तिनं ती माझ्या कमरेला गुंडाळली आणि साधा प्रश्न विचारला, "वांग्याचं भरीत कसं झालंय?" वाचकहो, पुढचं मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की त्या रात्री मी दोरीचा विचार सोडून कूस बदलली.

पण विचार एकदा आत शिरला की मुक्काम ठोकतो. ही दोरी कुणाच्या डोक्यातून निघाली, याचा मी शोध घेतला. वंडर वुमन जन्माला आली १९४१ साली, अमेरिकेत. बाप विल्यम मोल्टन मार्स्टन. हा गृहस्थ हार्वर्डचा पदवीधर. कायदा शिकलेला आणि मानसशास्त्राचा डॉक्टर. आता वकिली आणि मनाचा अभ्यास एकाच डोक्यात शिरल्यावर तिसरं काय निघणार? खोटं पकडायचं यंत्र. माणूस खोटं बोलताना त्याचा रक्तदाब चढतो, असा त्याचा सिद्धांत. म्हणजे डॉक्टर दंडाला गुंडाळतात तो पट्टा गुंडाळायचा आणि प्रश्न विचारायचे. ही कल्पना सुचली म्हणे त्याच्या बायकोमुळे. एलिझाबेथ तिचं नाव. ती रागावली किंवा खवळली की आपला रक्तदाब चढतो, असं तिच्याच लक्षात आलं होतं. नवऱ्याचा रक्तदाब तेव्हा किती असायचा, हे इतिहासानं नोंदवलेलं नाही. नवऱ्याच्या बाबतीत इतिहास नेहमीच असा निष्काळजी असतो.

पुढं एका खुनाच्या खटल्यात मार्स्टननं आरोपीला आपला पट्टा बांधला आणि हा खरं बोलतोय असं सांगितलं. वॉशिंग्टनच्या कोर्टानं तो पुरावा घ्यायचं नाकारलं. १९२३ सालचा तो निकाल अमेरिकेत वकील मंडळी अजून पाठ करतात. पण मार्स्टन खचणारा नव्हता. १९३८ साली दाढीच्या पात्यांच्या एका जाहिरातीत त्यानं हेच यंत्र लावून दाखवलं. अर्धी दाढी या पात्यानं, अर्धी त्या पात्यानं आणि मन कुठल्या बाजूला खूश, ते रक्तदाबावरून ठरवायचं. जाहिरातीचे पैसे ज्या कंपनीनं दिले होते, तिचं पातं जिंकलं. सत्य हे असं असतं.

कोर्टानं नाकारलेलं यंत्र मग त्यानं चित्रात चालवलं. १९४२ सालापासून त्याच्या नायिकेच्या हाती ती दोरी आली. राणीच्या जादूच्या कमरपट्ट्यातल्या कड्यांची घडवलेली, कधी न तुटणारी. सुरुवातीला ती नुसती खरं बोलायला लावत नसे. बांधलेल्या माणसाला सांगाल ते करायला लावी. पुढच्या लेखकांनी हळूहळू तिला निव्वळ सत्याची दोरी केलं. कोर्टात यंत्राला 'पुरावा नाही' म्हणून हाकललं, तर कागदावर दोरीला 'पुरावा लागत नाही' असं करून टाकलं. कारकुनाच्या भाषेत याला एंट्री फिरवणं म्हणतात.

आता खरी गोष्ट. मार्स्टनच्या घरात एलिझाबेथखेरीज आणखी एक बाई राहत होती, ऑलिव्ह बर्न. दोघींना त्याच्यापासून दोन दोन मुलं. नायिकेच्या मनगटातली ती प्रसिद्ध कडी मुळात ऑलिव्ह घालायची, त्यावरून आली. पण बाहेर सांगायचं काय? तर ऑलिव्हच्या मुलांचे वडील वारले आहेत. मुलांनाही तेच सांगितलेलं. मार्स्टन १९४७ साली गेला. मुलांना खरं कळलं ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. म्हणजे ज्या माणसानं उभ्या जगासाठी खऱ्याची दोरी वळली, त्याच्या स्वतःच्या घरात ती दारात टांगायची सोय नव्हती. हे वाचून मला त्याचा राग आला नाही. चार मुलं, दोन आया, शेजारीपाजारी. त्या घरात कुणी एकानं जरी दोरीत पाय अडकवला असता, तर एका संध्याकाळी सगळं घर कोसळलं असतं. मात्र त्या मुलांची बाजू घेऊन विचार केला, तर आपल्या बापाचं नाव खोटं कळावं यासारखी दुसरी फसवणूक नाही. हा हिशेब मी दोनदा मांडून पाहिला. दोन्ही वेळा जुळला नाही.

असल्या दोऱ्या वळण्यात आपली मंडळी मागं होती असं समजू नका. आपल्या धर्मशास्त्रानं दिव्यांचे प्रकारच सांगून ठेवले आहेत : तुला, अग्नी, जल, विष आणि कोश. मराठेशाहीत वतनाची भांडणं कागदोपत्री आणि साक्षीनं मिटली नाहीत, की रवा-दिव्यावर जात. तापलेल्या तेलातुपातून धातूचा रवा हातानं बाहेर काढायचा. मग हाताला पिशवी बांधून वर मोहोर करायची आणि काही दिवसांनी पंचांसमक्ष सोडून पाहायचं. हात धड तर पाटील खरा. हात भाजला तर पाटील खोटा. हातही गेला आणि पाटीलकीही. याहून सौम्य प्रकार म्हणजे बेलभंडार उचलणं. आणि त्याहून सौम्य, देवाला कौल लावणं. मूर्तीला चिकटवलेलं फूल उजवीकडून पडलं तर हो, डावीकडून पडलं तर नाही. मुलाबाळांत तर काहीच लागत नाही. गळ्याच्या घाटीला चिमटीत धरून 'आईशप्पथ' म्हणायचं. यातही पोटभेद आहेत. आईशप्पथ मोठी की विद्येची शप्पथ, यावर आम्ही चौथीत मारामाऱ्या केल्या आहेत. आईची शपथ खोटी घेतली तर आईला काही होईल ही भीती. विद्येची घेतली तर गणितात नापास होऊ ही. दुसरी भीती जास्त खरी होती.

अलीकडं दोरी इंजेक्शनात आली. तिचं नाव नार्को चाचणी. २००३ साली मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीची अशी चाचणी झाली आणि पुढं टीव्हीवर लोकांनी ती सिनेमासारखी पाहिली. गुंगीत माणूस बोलतो हे खरं; पण ते खरं बोलतो की नुसताच बोलतो, हे कोण सांगणार? आमच्याकडं जत्रेनंतर रात्री अकरा वाजता रस्त्यानं जाणारी काही मंडळी इंजेक्शनावाचून भरपूर बोलतात. त्यांचं म्हणणं पंचनाम्यात घ्यायचं ठरवलं तर निम्मा तालुका त्यांच्या मालकीचा निघेल. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की माणसाच्या मनाविरुद्ध अशी चाचणी करता येणार नाही. मग ती गुंगीची असो, रक्तदाबाची असो की मेंदूची. आरोपी झाला तरी त्याचं मन त्याचं स्वतःचं आहे. मार्स्टनच्या पट्ट्याची गाडी सत्त्याऐंशी वर्षांनी दिल्लीतही त्याच सिग्नलला थांबली.

इथवर आल्यावर माझ्या ध्यानात एक गोष्ट आली, आणि ती ध्यानात यायला आमचं स्टेशन कामी आलं. रोहा ते वीर दुहेरी मार्ग २०२१ साली झाला. वीरच्या पुढं रूळ एकेरी. त्यामुळं आमच्याकडं क्रॉसिंगसाठी गाडी थांबणं हा नेहमीचा प्रकार. अशाच एका दिवशी पॅसेंजर रखडली होती. एक प्रवासी तावातावानं एका कर्मचाऱ्याला विचारत होता, "खरं सांगा, किती वेळ लागेल?" तो म्हणाला, "दहा मिनिटं." लागली पन्नास. प्रवासी म्हणाला, "खोटारडे लेकाचे!" आता तो कर्मचारी खोटं बोलला का? मुळीच नाही. त्याला वरून दहा मिनिटं सांगितली होती, त्यानं दहा मिनिटं सांगितली. सोनेरी दोरी सात पदरी करून आवळली असती तरी तो 'दहा मिनिटं' हेच म्हणाला असता. फार तर कळवळून म्हणाला असता. दोरीतून बाहेर येतं ते बांधलेल्या माणसाला जे खरं वाटतं ते. त्याला जे ठाऊकच नाही, ते दोरी कुठून काढणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि याचा सर्वांत मोठा दाखला मला दूर अमेरिकेत शोधावा लागत नाही. तो मी रोज नोकरीला जातो त्या महाडातच आहे. चवदार तळं. महाड नगरपालिकेनं १९२४ साली ते सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावर आणि तळं जागेवर. २० मार्च १९२७ या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. त्यानंतर गावात आवई उठली की ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. सपशेल खोटी आवई. पण तिच्यापायी माणसांची डोकी फुटली. वर्ष संपायच्या आत काही सवर्णांनी दावा गुदरला. तळं खाजगी मालकीचं आहे आणि अस्पृश्यांनी तिथं यायचं नाही ही पूर्वापार वहिवाट आहे, असं त्यांचं म्हणणं.

आता त्या वादींना कुणी सोनेरी दोरीनं बांधलं असतं आणि विचारलं असतं, "खरं सांगा, ही वहिवाट पूर्वापार आहे का?" तर मला वाटतं, त्यांतल्या बहुतेकांनी निर्धास्तपणे सांगितलं असतं, "हो, आहे." दोरी ढिली पडली असती, नायिका विमानात बसून निघून गेली असती आणि तळं बंदच राहिलं असतं. कारण त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. बापानं सांगितलेलं, आजानं सांगितलेलं. खोटं जेव्हा पिढ्यान्‌पिढ्या मुरतं, तेव्हा ते बोलताना कुणाचा रक्तदाब चढत नाही.

तिथं दोरी चालली नाही, चाललं ते कोर्टाचं काम. 'पूर्वापार' म्हणजे किती वर्षं? मालकीचा कागद कुठाय? देखरेख कुणाची? महाडचं कोर्ट, ठाण्याचं कोर्ट, मुंबईचं हायकोर्ट. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टानं निकाल दिला की अशी पूर्वापार वहिवाट शाबीत होत नाही. ओंजळभर पाण्याच्या खऱ्याला दहा वर्षं लागली. त्या लढ्याचं नावही पाहा, सत्याग्रह! आग्रह करायचा तो सत्याचा, आणि करणाऱ्यानं सोसायचं स्वतः. दोरी दुसऱ्याच्या अंगाला आवळायची असते, इथं ती पहिल्यांदा आपल्याच अंगाला लावायची. त्या तळ्यावरून जाताना मी अजूनही डबा बदलून दुसऱ्या हातात घेतो; का, ते मला सांगता येणार नाही, पण हात मोकळा असावा असं वाटतं.

एवढं सगळं झाल्यावर मी माझ्या काउंटरकडं येतो. कारण अखेर माणसाला आपल्या खुर्चीवरूनच जग दिसतं. आमच्याकडं म्हातारी माणसं येतात. बरोबर कुणीतरी असतंच, मुलगा, पुतण्या, जावई. ठेव मोडायची असते किंवा नाव लावायचं असतं. नियमाप्रमाणं मी विचारतो, "आजी, हे स्वखुशीनं ना?" आजी बरोबरच्या माणसाकडं बघतात आणि म्हणतात, "व्हय बाबा, माज्या मर्जीनं." आता हे वाक्य खरं की खोटं? यंत्र लावलं तर काटा कदाचित हलेल; पण आजींचा रक्तदाब तसाही जिने चढून वाढलेलाच असतो.

अशा वेळी वापरायचं एक हत्यार आहे. ते मला माझ्या आधीच्या एका जाणत्या कारकुनानं शिकवलं आणि ते कुठल्याही चित्रकथेत नाही. ते म्हणजे झेरॉक्स. बरोबरच्या माणसाला म्हणायचं, "आधारची एक झेरॉक्स लागेल. समोरच दुकान आहे. पाठपोट काढा." कागद खरोखरच लागतो, त्यामुळं यात खोटं काही नाही. तो माणूस रस्ता ओलांडून जाऊन येईपर्यंत सात-आठ मिनिटं मिळतात. एवढ्या वेळात मी काही विचारत नाही. फक्त पाण्याचा ग्लास पुढं करतो.

मागं अशाच एक आजी आल्या होत्या. दोन पावत्या होत्या. दोन्ही मोडून मुलाच्या खात्यात टाकायच्या असं मुलानं अर्जात लिहून आणलं होतं. मुलगा वाईट नव्हता. टेम्पो घ्यायचा होता त्याला, डोळ्यांत घाई होती इतकंच. तो झेरॉक्सला गेला. आजींनी दोन घोट पाणी प्यायलं, पदरानं तोंड पुसलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाल्या, "त्याला दे बाबा. पोरगा हाय, लागतंय त्याला. पन येक पावती ऱ्हाऊ दे. उद्या आजारी पडले तर कुनाच्या तोंडाकडं बगू? पन मी बोलले असं त्याला नको सांगू. पोरगा दुखावंल."

मी म्हटलं, "आजी, ज्या पावतीवर तुमचा अंगठा, तेवढीच मोडते." आजींनी मला एकदा नीट पाहून घेतलं. मग शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि एका पावतीवर उमटवला. दुसरी पावती उचलून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि पिशवीची नाडी आवळली. सोन्याची नव्हती, साध्या सुताची.

मुलगा परत आला. पावती बघून म्हणाला, "साहेब, एकच?" मी म्हटलं, "एकावरच अंगठा आहे. बँक अंगठ्याप्रमाणं चालते." यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. मुलानं आईकडं पाहिलं. आई पंख्याकडं पाहत होती. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "बरं, टेम्पोचं डाउन पेमेंट होईल तेवढ्यात." मग त्यानंच आईचा हात धरून तिला जिन्यावरून सांभाळून खाली नेलं.

त्या वेळी तिथं ती सोनेरी दोरीवाली बाई असती, तर तिनं दोघांना बांधलं असतं. आजींना बोलावं लागलं असतं की मला भीती वाटते. मुलाला बोलावं लागलं असतं की मला दोन्ही पाहिजेत. दोन्ही खरंच होतं. आणि त्यानंतर जिन्यावरून हात कुणी धरला असता? आजींचं खरं बाहेर आलं ते दोरी आवळल्यामुळं आलं नाही. होती ती दोरी सात मिनिटं दाराबाहेर गेली म्हणून आलं. आणि ते आलं तेव्हा सांभाळायला गुप्ततेची सही केलेला एक कारकून समोर बसलेला होता. ती पहिल्या दिवशीची सही कशासाठी असते, हे मला बी.कॉम.नं नाही, तर आजींनी शिकवलं.

समोरचा झेरॉक्सवाला मात्र माझ्यावर फार खूश आहे. परवा म्हणाला, "साहेब, बाकीच्यांच्या मानानं तुमच्या काउंटरला कागद जरा जास्तच लागतात हो." मी म्हटलं, "यंदा पाऊस बरा झाला, नाही?" तो हसला. सुपरहिरॉइनच्या दोरीचा भाव मला माहीत नाही; आमच्याकडं एक झेरॉक्स दोन रुपयांना पडते, आणि पाठपोट असेल तर तीन.